एकेचाळिसावा दिवस

खेळ संपला त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा भेटलो,
गोल्फ क्लब मैदानाच्या कठड्यावर, आठ जण.
कोण कशाने आलं, कुणी विचारलं नाही.
माझी स्कूटी मी दोन गल्ल्या अलीकडेच लावली होती,
इंजिन गरम होतं म्हणून.

चाळीस दिवस एक खोटं आम्ही खरं धरलं होतं,
की तेल संपत आलंय.
रोज सकाळी सहाला फोनवर भाव यायचा.
दिवस सहावा : लिटरला तीनशे दहा.
दिवस बारावा : सम तारखेला सिडको अंधारात, विषमला पंचवटी.
दिवस तेविसावा : भाव नाही.
नुसतं एक टिंब.
त्या टिंबाखाली आम्ही लिहायचो,
आपापल्या गल्लीत काय काय थांबलं ते.

तन्वीर अत्तारने अंबडमधली त्याची लेथ थांबवली
आणि लिहिलं, त्या शांततेत कळलं,
शेजारच्या शेडमधला म्हातारा शीळ घालतो.
लेथ तर त्या दिवशी तीन पाळ्या चालली होती.
शीळ खरी होती पण, तो म्हणाला,
मी मुद्दाम एक मिनिट बंद करून ऐकली.

मखमलाबादच्या पिंगळे मावशींनी शीतगृहात
चौदा टन द्राक्षं सडवली, एकाच परिच्छेदात.
रात्रभर वाईट वाटलं,
दुसऱ्या दिवशी त्यांचेच बेदाणे केले.
सडलेल्यांचे कसे, असं कुणी म्हटलं नाही.

सॅम्युएल साळवे टँकर चालवतो, पानेवाडीच्या डेपोवरून.
सगळ्यांत टोकाला बसला होता.
म्हणाला, तुमची टंचाई मी केबिनमध्ये वाचायचो,
चांदवडला चहाला थांबलो की,
पाठीमागे वीस हजार लिटर.
एकदा रडायला आलं.
कशासाठी, ते मला विचारू नका.
आम्ही हसलो, आणि मधेच
हसणं थांबवावं लागलं.

माझी पाळी आली तेव्हा मी एकलहऱ्याच्या चिमण्यांबद्दल बोलले,
गच्चीवरून दिसतात त्या,
बिनधुराच्या कशा दिसतील, वगैरे.
सांगायचं ते वेगळंच होतं.

एकतिसाव्या दिवशी मी सासऱ्यांना मारलं.
लिहून.
मंगळवार-शुक्रवार त्यांचं डायलिसिस, द्वारकेच्या पलीकडे.
मी लिहिलं, पेट्रोल नाही, रिक्षा नाही,
दवाखान्याच्या जनरेटरला डिझेल नाही,
शुक्रवार चुकला, मग मंगळवार.
लिहिताना कुठे अडलं नाही.
इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

रात्री निरोप यायला लागले.
मावशींनी विचारलं, दहावा गंगेवरच ना,
मग चालत निघू आम्ही, पहाटे.
साळवेने लिहिलं,
ताई, आधी बोलला असतात तर
आणलं असतं कुठून तरी.
मी ते वाचत होते
आणि बाहेरच्या खोलीतून अण्णा म्हणाले,
सूनबाई, चहा टाकतेस का,
अर्धाच दे, आजचं पाणी होत आलंय.

मी गॅस पेटवला.
अर्धा कप चहा उकळायला किती सेकंद लागतात, मोजले.
चौऱ्याण्णव.
एवढा एक आकडा मी खेळात लिहिला नाही.

आता भाव येत नाही, तरी सहाला जाग येते.
पंपावरचा पोरगा विचारतो, फुल्ल ना मॅडम?
आणि मी उगाच इकडे तिकडे बघते,
त्या सातांपैकी कुणी आहे का रांगेत.

शुक्रवारी अण्णांना मागे बसवून निघाले की
उतार लागल्यावर मी इंजिन बंद करते.
गाडी आपसूक जाते, सिग्नलपर्यंत,
फक्त टायरचा आवाज, आणि त्यांचा श्वास मानेजवळ.
बंद पडली का गं, ते विचारतात.
नाही अण्णा,
उतार आहे.