फट

एस्तेरबाई रणभिसे रिक्षातून उतरल्या तेव्हा
साखर पेठेत पाचव्या दिवशीचा नळ आला होता
आणि बोळभर हंड्यांची रांग.
त्यांनी पर्समधून वहीचा कागद काढला. चार अक्षरं.
"अंबादासभाऊ, चर्चच्या भिंतीसाठी विणायचंय.
पांघरायला नाही. अंथरायला तर मुळीच नाही."

मी जकार्डची कार्डं पाडतो, एकतीस वर्षं.
मोर पाडले, वाघ पाडले, कुठल्या कुठल्या पतसंस्थांची नावं पाडली.
अक्षरापेक्षा मला भोक लवकर कळतं.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा वर येतो.
जिथं पुठ्ठा नाही, तिथूनच नक्षी.

"कुठून वाचायचं?"
"उजवीकडून."
"कानामात्रा दिसत नाहीत."
"नाहीतच."
"मग म्हणायचं कसं?"
"म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "इतकं जपलं, इतकं जपलं,
की खरा उच्चार कुणाला आठवेना.
ते आलं की 'प्रभू' म्हणायचं आणि पुढं वाचायचं."

मी आत पाहिलं.
आमच्यात नवऱ्याला 'एमंडी' म्हणतात.
माझं नाव नरसम्मानं एकदाच घेतलंय, उखाण्यात,
तेही नणंदांनी दार अडवलं म्हणून.
रेशनवाला विचारतो, तेव्हा ती कार्डावर बोट ठेवते.
माझं नाव काही हरवलेलं नाही.
तिच्या गालात आहे, मिश्रीच्या चिमटीसारखं.

चहा झाला. बाईंनी आणखी नावं सांगितली:
सर्वसमर्थ. परात्पर. सेनाधीश. पुराणपुरुष.
कचेरीच्या दारांवरच्या पाट्या वाचाव्यात तसं मी ऐकलं.
मग त्या म्हणाल्या, एक दासी होती, परमुलखातली, पोटुशी.
मालकिणीनं गांजलं म्हणून रानात पळाली.
झऱ्यापाशी तिच्याशी कुणी बोललं.
तिनंच त्याचं नाव ठेवलं: मला पाहणारा.

नरसम्मानं हंडा खाली ठेवला.
"हे बरंय. बाकीची सगळी साहेबाची नावं.
विड्या मोजणारे लई बघितले, छाट काढणारे लई.
बघणारा कुठं असतो?"
आणि परत नळावर गेली, पाणी जायच्या आत.

नमुना गड्डमच्या मागावर काढला. लाल, मधे पांढरं.
दुसरं अक्षर आणि चौथं एकच:
छप्पर, उजवी भिंत,
आणि डावी भिंत छपरापासून सुटलेली.
सुटलेलं दिसलं की हात सांधतो. मी सांधलं.

एस्तेरबाईंनी चष्मा वर केला.
"इथं फट होती."
"दोन धाग्यांची होती, बाई. चूक वाटली."
"ती बुजली की अक्षर दुसरं. नाव राहत नाही."
मी विचारलं, मग या नमुन्याचं काय करू?
नाव असतं तर फाटल्यावरसुद्धा जाळता आलं नसतं,
माणसासारखं पुरावं लागलं असतं, म्हणाल्या.
"हे नाव नाही. मशीन पुसा खुशाल."

अजून पुसलेलं नाही.

त्या रात्री मी नवीन कार्डं पाडली, दोन भोकं मोजून मोजून,
आणि अडीचला लाइट गेली.
साठ मागांची खटखट एकदम थांबली की
सोलापूर कानात दुखतं.
चाचपडत बोळातनं घरी आलो. कडी वाजवली.

आतून: "कोण?"

एवढ्या वर्षांत मी कधी 'अंबादास' म्हणालेलो नाही,
'येमूल' नाही, 'पंचिंगवाला' नाही.
म्हटलं, "मी."

तिनं दार बोटभर उघडलं.
फटीत चिमणीचा उजेड, त्यात तिचा एक डोळा.
पाहिलं.
मग पूर्ण उघडलं.