डावा पाय

कुताइसीत, नदीकाठच्या थंड दालनात
मी सत्तावीस वर्षं ढोल वाजवतोय.
डोली म्हणतात त्याला आमच्याकडे.
काखेत धरायचा, तळव्यांनी बोलता करायचा.
नाचणाऱ्यांकडे मी बघत नाही.
बघायला गुरुजी असतात, आया असतात, आरसे असतात.
मी फरशी ऐकतो.

तोर्निकेचे पाय मला पाठ होते.
चौदा वर्षांचा, ताडमाड,
सहा महिन्यांत दोनदा बूट बदललेला पोरगा.
उडी घेऊन उतरायचा तेव्हा लाकडातून एकच आवाज निघायचा,
कुणी घट्ट दार लावून घ्यावं तसा.
फेब्रुवारीत त्याचे दोन झाले.
उजवा समेवर.
डावा तिच्यामागून, केसभर,
आणि हलका,
झोपलेल्या घरात उशिरा शिरणाऱ्याच्या पावलासारखा.

आवतांदिल गुरुजी म्हणाले, आळस.
मग म्हणाले, वाढीचं वय, हाडं ताणतात.
दवाखान्यात म्हणाले, मुका मार, पट्टी बांधा.
आईनं द्राक्षाच्या कडक दारूनं गुडघा चोळला.
सगळे थोडेथोडे बरोबर होते,
म्हणून तर पाच आठवडे गेले.

मला रेवाझ आठवत होता, माझा मावसभाऊ.
त्याचा गुडघा आम्ही अख्खं वर्ष चोळला होता
पाळीपाळीनं, मीसुद्धा.
तेव्हा गावात वीज नसायची,
हाडाचा फोटो कुठून काढणार.
पुढचं सांगत नाही.

एका शुक्रवारी, बुटाच्या नाड्या सोडताना त्याला विचारलं,
दुखतं कधी?
नाचताना फारसं नाही, म्हणाला.
मग?
त्यानं आजूबाजूला पाहिलं, चोरी कबूल करायची असल्यागत.
"रात्री. काहीच करत नसतो तेव्हा.
मग उठून स्वयंपाकघरात उभा राहतो,
थंड फरशी बरी वाटते."
किती दिवस?
"नव्या वर्षाच्या आधीपासून."

माझा तळवा ढोलावरच होता.
कातडं आपोआप गुणगुणलं.

मी काही डॉक्टर नाही.
त्याच्या आईला एवढंच म्हटलं,
दमलेला पाय झोपेत गप्प बसतो, बाई.
हा बसत नाही. एकाच जागी दुखतोय, वाढतोय.
फोटो काढा. नको म्हणाले तरी काढा.
ती भडकली. तुमच्या तोंडात माती पडो, म्हणाली.
पडो, म्हटलं. पण सोमवारीच काढा.

फोटो काढणारी लामारा, माझ्याच गल्लीतली, भारी बडबडी.
त्या दिवशी ती बोललीच नाही.
गुडघ्याच्या वर, हाडाची कड
कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखी.
अक्रोडाएवढी जागा.
तिबिलिसीच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या,
वेळेत आलात.
वेळेत!
जन्मभर मी दुसरं काय वाजवत आलोय?

पाय राहिला.
आत धातूचा दांडा आहे.
केस परत येताहेत, कुरळे, पूर्वी नव्हते तसे.
दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो,
आणि त्याआधीच्या आठवड्यात त्याच्या आईला फोन करायचा नाही,
एवढं मी शिकलोय.
तो नाचणार नाही.
हे गोड करून सांगता येत नाही;
मी करायला गेलो, तर त्यानं हात आडवा धरला.

गुरुवारी येतो. भिंतीशी बसतो.
माझा ठेका ढिला पडला की खवचटपणे खोकतो.

परवा तो दालन ओलांडून निघाला, तेव्हा मी डोळे मिटले.
उजवा.
डावा.
उजवा.
डावा आता जड येतो,
थोडा उशिरा.
असू दे.
येतो.