गोडं पाणी

होडी विकल्याच्या दुसऱ्या आठवड्यात
आबांना निवतीहून इकडे आणलं,
धरणाच्या क्वार्टरवर.
पत्र्याची ट्रंक, दोन लुंग्या,
आणि कुणीच विकत न घेतलेलं एक वल्हं
एस.टी.च्या टपावर बांधून.

संध्याकाळी भिंतीवर उभे राहून त्यांनी पाणी पाहिलं
परक्या गावच्या डॉक्टरकडे बघावं तसं.
"ह्येका भरती नाय, सुकती नाय.
पाणी म्हणायचा की निजलेलो रेडो?"
खाली उतरले, ओंजळीने चाखलं,
थुंकले.

मी गेट ऑपरेटर.
रोज आठला पट्टी वाचतो. पातळी, आवक, विसर्ग
रजिस्टरात भरतो.
माझ्या अंगाला आता दर्याचा वास येत नाही,
हे आबा एकदाच म्हणाले, जेवताना,
ताटातला कटला बोटाने बाजूला सारत:
"चिखलाचो लाडू."
दर्शनाने मीठ पुढे केलं.
मीठ संपलं. कटला नाही.

मग धनगरवाड्यावरचा बिरू वरक भेटला,
नववीत दुसऱ्यांदा बसलेला.
कळकाची काठी, गरीच्या वर
तुटक्या स्लीपरचा निळा तुकडा तरंगायला,
करवंटीत काडू.
ज्यांच्या एका हाळीवर
साठ माणसं रापण ओढायची,
त्यांना तो सांगत होता,
"आज्या, हात हालवू नको.
हितला मासा इचार करून खातो."

विचार करणाऱ्या माशापुढे
आबा दोन महिने बसले.
बोटभर मळ्ये मिळाले, पुष्कळ चिलापी,
एक खवळा, ज्याला त्यांनी उगाच
तामोशी म्हणून हाक मारली.
ठेकेदाराचा माणूस पावती मागायला आला की विचारायचे,
"बियाणा तू सोडलंस.
पाणी कोणी सोडल्यान?"

सर्वपित्रीची रात्र.
"निवतीक उधाण आसतला," म्हणाले, आणि गेले.
अकराला परतले. बादली, बादलीवर फळी, फळीवर दगड.
आत अहीर.
मनगटाएवढा जाड, पाठ शेवाळी,
टॉर्चच्या उजेडात एकदाच वळला
आणि बादली जागची सरकली.
दर्शनाने बंबातली राख आणली, पकडायला.
विळी आणली.

आबा खाली बसले.
"ह्यो हय जल्माक येणा नाय.
दर्यात जल्मता. सुतासारखो आसताना
न्हंयेन वर चढता, वर्सांनवर्सां गोड्यात रवता,
मगे एका काळोखात परत निघता.
माका आज्यान सांगलेला."
भिंतीला एकवीस वर्षं झाली.
हा त्याआधीचा असेल का, मी हिशेब करत राहिलो.
"दार उगड," आबा म्हणाले.

मी म्हटलं, गेटला कुडाळहून आदेश लागतो,
साहेबांची सही लागते.
"बांध घालताना ह्येची सही घेतल्यात?"

एकशे अठरा पायऱ्या.
बादली त्यांनी मला दिली नाही.
मी टॉर्च धरला, तोही पावलांपुरता.
सांडव्याखालच्या डोहात त्यांनी बादली आडवी केली,
नुसती आडवी, ओतली नाही.
अहीर बाहेर येईना.
बेडूक गप्प झाले, पुन्हा सुरू झाले.
आबा पाण्यात गुडघाभर,
बादलीच्या कानाला हात लावून,
दाराशी घुटमळणाऱ्या पाहुण्यापाशी थांबावं तसे.

मग म्हणाले, "हलकी झाली."

वर येताना दर विसाव्या पायरीवर टेकले.
"देवबागाक भायर पडतलो," एवढंच,
कुणाला सांगितलं कळलं नाही.

सकाळी आठ.
पातळी लिहिली. आवक लिहिली.
विसर्गाच्या रकान्यात पेन जरा थांबलं
आणि रोजच्यासारखं लिहिलं: निरंक.

राख दर्शनाने अळवाच्या बुंध्याला टाकली.
अकराला आबा काठी घेऊन निघाले,
बिरूला लांबूनच हाक मारत,
"काडू हाडलंस मां रे?
आज भूक हा. आज चिखलाचो लाडू चलात."