पाणमांजराचा पत्ता

नोल्बेर्तोच्या ट्रकमधून ते उतरलं तेव्हा
एका कानाची शिवण उसवलेली,
मिशांत मीठ.
"भाचीचं आहे. पुढे खाणीचा रस्ता, धक्के फार.
आठवड्यात येतो," म्हणाला
आणि गेला.

मी त्याला पार्सलच्या काट्यावर बसवलं:
दोनशे दहा ग्रॅम.
कापडी पाणमांजर, अटाकामात.
इथे पाणी टँकरने येतं,
मंगळवारी,
आलं तर.

मग कार्डं यायला लागली
थेट दक्षिणेकडून, चिलोए बेटावरून.
लोकरीचा पेंग्विन विचारतो, तिकडे मासे आहेत का?
मोज्याचा घोडा विचारतो, वाळू गोड असते का?
हस्ताक्षर सगळ्यांचं एकच,
आणि एक अक्षर सगळ्यांचंच उलटं.

एकोणीस वर्षं पोस्टात आहे,
दुसऱ्याची पत्रं वाचत नाही मी.
पण याला वाचता येत नाही,
म्हणून खिडकी बंद केल्यावर मोठ्याने वाचते.
उत्तरंही लिहिते, शिक्का जरा ठळक मारते:
'काल लामांचा कळप बघितला.
रात्री तारे इतके, की झोप येत नाही.'
यात खोटं काही नाही.
झोप मला येत नाही.

तीन आठवडे झाले.
कालचं कार्ड भिजून वाळलेलं,
शाई ओघळून सगळं निळं.
लागलं ते एवढंच: 'इकडे पाऊस. तू कधी'
पुढचं पावसाने लिहिलंय.

रस्त्यावर ट्रक वाजला की मी मान वर करते.
ते तर कधीचं दाराकडेच बघतंय.
मीच बसवलंय तसं.