तीन बोटं

डेंटल कॉलेजातली पोरसवदा डॉक्टरीण म्हणाली,
आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला.
यांची दोन गेली.
तिसरं बाहेरच राहिलं, अंगठीसकट.

वीस वर्षं बँडमध्ये कॉर्नेट वाजवलंय या माणसानं.
इतवारीपासून सक्करदऱ्यापर्यंत
किती नवरदेव मांडवाच्या दारात नेऊन सोडले.
मागच्या सिझनला वरचा सूर लागेना,
गाल फुगेनात,
मास्तरनं यांच्या हाती खुळखुळा दिला.
आम्ही समजलो, वाजा जुना झाला.

त्याच्याही आधी
सावजी रस्सा नको म्हणाले होते.
मग पोह्यांवर तर्री नको.
मग माझी साधी फोडणीही झोंबायला लागली.
सासूबाई म्हणाल्या, वयानं होते असं.
बेचाळिसाव्या वर्षी!

डॉक्टरणीनं मला जवळ बोलावलं, बॅटरी धरली.
पंधरा वर्षं संसार केला,
पण या घरात मी कधी डोकावले नव्हते.
खर्रा जिथे दाबून ठेवायचे
तिथला गाल पांढुरका, दोरखंडासारखा ताठ,
आणि मागे एक डाग,
खडूचा वाटावा असा. पुसून न जाणारा.

कॅन्सर होय का हे?
नाही, ती म्हणाली.
आणि थांबली.
'सगळ्यांचं होत नाही. काहींचं होतं.
कुणाचं, ते आज नाही सांगता येत.'

मी मोहल्ल्यात भिशी चालवते.
डब्यातून चिठ्ठी कशी निघते, मला माहीत आहे.
या महिन्यात नाही निघाली
तर ती फाडून फेकत नाहीत,
पुन्हा डब्यात जाते.

मसुराच्या डाळीएवढा तुकडा काढला, बाटलीत गेला.
आठ दिवसांनी कागद आला:
पेशी थोड्या बिघडल्या आहेत. थोड्या.
दर तीन महिन्यांनी या.
गाल पहिल्यासारखा होणार नाही,
पण खर्रा आजच सुटला पाहिजे.

गेटासमोरच टपरी.
पोरगा पन्नीत सुपारी-तंबाखू घोटत होता,
घासण्याचा तो आवाज
यांच्या पायांना आधी ऐकू आला.
'काय भाऊ, नेहमीचाच ना?'
हे काही बोलले नाहीत.
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
पुन्हा या हातात.
मग आमची बस आली.

आता रोज रात्री आइसक्रीमच्या काड्या,
एकावर एक, दातांमध्ये सरकवायच्या.
डोळ्यांतून पाणी येतं.
लेक वहीत आकडा मांडते.
मध्ये दोन दिवस आकडा नाही,
त्या दोन दिवशी शर्टाच्या खिशात पन्नी सापडली होती.
मी भांडले. मग वही पुन्हा काढली.

कॉर्नेट कपाटावर आहे.
तोंडात धरायचा त्याचा तुकडा तेवढा
हे उशाशी घेऊन निजतात.

काल चौदावी काडी अर्धी गेली.
अर्धी धरायची का, लेकीनं विचारलं.
यांनी मान हलवली,
हो की नाही ते कळलं नाही.
तिनं तेरा लिहिले,
आणि पुढे बरंच काही खोडलं.