एक जण जोडलेला आहे

पद्मावतीच्या आमच्या सोसायटीत
कनेक्शन एकच परवडायचं, दोन घरांत मिळून.
मी तिसऱ्या मजल्यावर, लोकांचे प्रबंध टाइप करणारा.
ती दुसऱ्यावर, एस्तेर साळवे,
रात्री अमेरिकेतल्या डॉक्टरांचं ऐकून लिहिणारी.
अर्धे तुमचे, अर्धे माझे. पावती तुमच्या नावानं.

वायर तपकीर गल्लीतून आणली, पंधरा मीटर.
दुकानातल्या पोरानं टोकं सोलली,
आठ तारा नखानं सरळ केल्या, म्हणाला,
दोन मशीन थेट जोडायची तर
एका टोकाला नारिंगी तिथं दुसऱ्या टोकाला हिरवी.
नाहीतर तोंडासमोर तोंड येतं काका,
दोघंही बोलत बसतात, ऐकत कुणीच नाही.
मला आमचं घर आठवलं. मी पैसे दिले.

खिडकीतून सोडली, ड्राय बाल्कनीच्या गजाला एक वेढा,
तिच्या तुळशीच्या कुंडीमागून आत.
चुकलो, तुळस माझी. तिच्याकडे कढीपत्ता होता.
चेअरमन म्हणाले, बिल्डिंगची शोभा जाते.
नोटीस लावली.
नोटीस मीच टाइप करून दिली, चार रुपये घेतले.

नेट माझ्या मशीनमधून तिच्याकडे उतरायचं,
म्हणजे माझं चालू तर तिचं चालू.
कालिंदी म्हणायची, या घरघरीत झोप कशी लागावी माणसाला?
मी मॉनिटर बंद करायचो, डब्यावर टॉवेल टाकायचो.
टॉवेलखाली हिरवा दिवा लुकलुकत राहायचा
आणि मी पडल्या पडल्या ओळखायचो:
हा ओहायोतला कुणाचा तरी गुडघा गेला,
आमच्या कपाटाजवळून.
हे पित्त. ही तिसऱ्यांदा उघडलेली छाती.
सगळे माझ्या खोलीतून खाली जायचे
चपला हातात घेऊन.
शब्द एकाचाही ऐकू यायचा नाही.

मशीन अडकलं की खालून छताला
झाडूच्या दांड्याचे दोन ठोके.
मी उठायचो, अंधारात बटण चाचपायचो.
थोड्या वेळानं एकच ठोका. मिळालं.

जिन्यात बोलणं पाण्याचं, नाहीतर गुरुवारच्या लाइटचं.
एकदाच म्हणाली, काल एक म्हातारी होती फाइलमध्ये,
मुलांची नावं विसरलेली, कुत्र्याचं तेवढं आठवतंय.
मी विचारलं, पुढं?
पुढची फाइल दुसऱ्याकडे जाते हो,
हैदराबादला कुणीतरी असेल.

मार्चमध्ये शेवटचे दोनशे पंचाहत्तर घेऊन आली,
सुटे, मोजलेले.
आता माझं वेगळं घेतलंय, म्हणाली,
रात्री बंद करत जा आता.
तुमचं लाइटबिल मी कधी धरलंच नाही.
मी म्हटलं, कितीसं यायचं ते.
कालिंदीच्या वहीत महिन्यागणिक लिहिलेलं आहे, कितीसं.

बंद करायला गेलं की मशीन विचारायचं:
आणखी एक जण जोडलेला आहे, तरी बंद करू?
सहा वर्षं मी नको म्हणत आलो.
त्या रात्री विचारलंच नाही.
सरळ विझलं, आणि खोली एवढी गप्प झाली
की कालिंदी दचकून उठली.
काय झालं? म्हणाली.
काही नाही, म्हटलं. झोप.

वायर अजून आहे.
दोन मजल्यांच्या मध्ये झोळ पडलाय,
परवा त्यावर कुणाचा तरी रुमाल वाळत होता.
खालचं टोक मोकळं लोंबतंय,
नारिंगी का हिरवं, इथून दिसत नाही.
काढा आता ती, चेअरमन म्हणतात.
काढतो म्हटलंय. गुरुवारी.
लाइट नसते तेव्हा.