ळपासून एक शब्द

दुसरी ब. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत चिठ्ठ्या.
एकेक अक्षर उचला, मुठीत ठेवा, घरी न्या,
उद्या त्या अक्षराचा एक शब्द घेऊन या.
पुस्तकातला नको. कमळ नको, गणपती नको.
घरात, रस्त्यात, नळावर ऐकू आला तो.

ङ आणि ञ मी आधीच बाजूला काढले होते,
लहान जीव, कशाला छळा.
ळ काढायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी धायरीची सगळी सकाळ वर्गात आली.
ढ – ढेकर. (आठ मिनिटं हसण्यात गेली.)
फ – फोडणी, आणि फोडणीचा आवाजही,
शंतनूच्या दोन्ही गालांतून.
ट – टँकर.
मागून कुणीतरी: टँकर आला.
त्याच्याही मागून: टँकर आला, पळा!
शब्दाला शेपूट फुटत गेलं, मी अडवलं नाही.
आफरीनला भ मिळाला होता. ती म्हणाली, भाडं.
मग हळूच, काल मालक आले होते ना.
मी फळ्यावर भाडं लिहिलं.
अनुस्वार जरा जास्तच ठळक आला.

रौशनकुमार शेवटच्या बाकावर. मूठ बंद.
नऱ्ह्याच्या साइटवर राहतो, बाप मिक्सरवर.
शाळेला शाला म्हणतो, फळ्याला फला,
आणि काळा म्हणायची वेळ आली की असा थबकतो
जसं कुणी जिन्याची एक पायरीच काढून नेलीय.
वर्ग हसतो.
मीही एकदा हसले होते, जूनमध्ये.
ते त्याच्या लक्षात आहे.

मूठ उघडली. घामाने शाई पसरलेली. ळ.

वेदिका पोकळे उभीच राहिली:
बाई, ळ पहिला नसतोच! आमच्या आडनावात तो मधे असतो.
खरं होतं.
बाळ, गूळ, जवळ, केळं, सगळीकडे कुणाच्या तरी पाठीमागे.
एकोणीस वर्षं शिकवतेय,
ळला रांगेत पुढे उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही.
राहू दे, दुसरी चिठ्ठी घे, म्हणून डबा पुढे केला.

त्याने डब्याकडे बघितलंच नाही.
जीभ उचलली, मागे वळवली, टाळूला टेकवली
(चार महिने सांगत होते, वळव रे, वळव)
आणि

ळळळळळ घर्र ळळळळळ घर्र

दोन्ही हात पोटापुढे गोल फिरवत,
त्यात वाळू, खडी, पाणी, एक गोणी सिमेंट.
मिक्सर है, बाई. रात को भी ऐसाच बोलता.

मग काय, सगळा वर्गच मिक्सर झाला.
दुसरी अ च्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

तक्त्यावर लिहिलं: ळ – ळळळळळ.
चित्र त्यानेच काढलं, पिवळं, दोन चाकांचं,
बाजूला बाप, मिक्सरएवढाच उंच.
शाळेला मात्र पुढेही शालाच म्हणत राहिला.

केंद्रप्रमुख आले, चष्मा कपाळावर चढवून तक्ता वाचला.
मराठीत ळपासून सुरू होणारा शब्द नाही, मॅडम.
मी म्हटलं, हो सर, आणि चहा सांगितला.
तक्ता काही उतरवला नाही.
खालच्या कोपऱ्याची चिकटपट्टी तेवढी सुटलीय.

दिवाळीनंतर तो आला नाही.
साइट संपली. पुढची मोशीला का चाकणला,
वॉचमनला नक्की सांगता येईना.
हजेरीत नाव आहे अजून, चौतिसावं.
रोज घेते. रोज एक क्षण थांबते.

काल सिंहगड रोडच्या सिग्नलला
माझ्या गाडीला खेटून सिमेंटचा मोठा ट्रक,
पाठीवरचं ते अवाढव्य पोट सावकाश फिरतंय.
मी स्कार्फच्या आत जीभ वळवली.

शेजारच्या स्कूटरवरचे काका म्हणाले,
काही म्हणालात का?

सिग्नलला अजून अडतीस सेकंद होते.